कळसूबाई उतरल्यावर भरून आलेल्या मांड्या: स्वतःच केलेल्या मालिशीची एक केस

नवरात्रातल्या एका रविवारी कळसूबाईला जाऊन आलेल्या एका शिक्षिकेची ही केस आहे. वय ४३, राहणार नाशिक. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळेत त्यांना सगळे 'बाई' म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

तसं पाहिलं तर यात दुर्मिळ काही नाही. ट्रेकनंतर मांड्या भरून आलेली माणसं फिजिओथेरपिस्टकडे नेहमीच येतात आणि बहुतेकांचं दुखणं आठवड्याभरात आपोआप जातं. तरी ही केस लिहावीशी वाटली त्याची कारणं दोन. बाई माझ्याकडे आल्या तेव्हा डोंगर उतरून झालेलं दुखणं आणि घरच्यांनी प्रेमानं रगडून दिलेलं दुखणं, ही दोन्ही एकमेकांत मिसळलेली होती. दुसरं म्हणजे, एकाच पायाला मालीश करून दुसरा पाय तसाच ठेवायला त्या हौसेनं तयार झाल्या. विज्ञान शिकवतात, त्याचा हा फायदा.

काय घडलं

कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट आहे, मधले अवघड टप्पे लोखंडी शिड्यांनी सोपे केलेत आणि नवरात्रात देवीच्या दर्शनाला रीघ लागते. बाई सहकाऱ्यांबरोबर पहाटे चढायला लागल्या. रोज संध्याकाळी अर्धा तास सपाट रस्त्यावर चालणं एवढाच सराव. चढताना चांगलाच दम लागला, दोनदा बसावं लागलं. उतरताना मात्र 'काहीच वाटलं नाही, गप्पा मारत आलो' असं त्यांनी सांगितलं. शिड्यांवर गर्दी, त्यामुळे एकेका पायरीवर गुडघा वाकवून बराच वेळ थांबावं लागत होतं, हे मी खोदून विचारल्यावर आठवलं.

रविवारी रात्री त्या जेवून शांत झोपल्या. सोमवारी सकाळी मांड्या ताठरल्या होत्या, पण शाळा झाली. संध्याकाळपर्यंत जिना उतरणं कठीण झालं. मग घर कामाला लागलं. सासूबाईंनी गरम तिळाचं तेल घेऊन दोन्ही मांड्या अंगठ्यांनी दाबदाबून रगडल्या. 'अगं, कळ येते म्हणजे आतली गाठ सुटतेय, सोस जरा' असं म्हणत. त्यानंतर जिमला जाणारा पुतण्या मसाज गन, म्हणजे स्नायूवर भराभर ठोके देणारं मालिशीचं यंत्र, घेऊन आला. स्नायूंत लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय, ते फोडून बाहेर काढलं पाहिजे, हे त्याचं निदान. गन सर्वांत वरच्या वेगावर, गुडघ्याच्या वर बाहेरच्या बाजूला, एकाच जागी.

मंगळवारी सकाळी कमोडवर बसताना भिंतीला धरावं लागलं. शाळेत दुसऱ्या मजल्यावरून उतरताना कठड्याला धरून, आडवं होऊन, एकेक पायरी. 'डॉक्टर, गुडघे गेले वाटतं' असं म्हणतच त्या संध्याकाळी आत आल्या.

आधी नाकारायच्या गोष्टी

मालिशीचं बोलण्याआधी काही प्रश्न विचारावेच लागतात. पहिला लघवीच्या रंगाचा. अति श्रमानंतर स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटल्या की त्यातलं मायोग्लोबिन मूत्रपिंडात जातं आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद होते. याला रॅब्डोमायोलायसिस म्हणतात. अशा वेळी तेल-मालीश करत घरी बसायचं नसतं, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. मसाज गनच्या वापरानंतर हा प्रकार झाल्याची केसही वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेली आहे, म्हणून पुतण्याची गन कळल्यावर मी हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला. बाईंची लघवी नेहमीसारखी होती, ताप नव्हता, पाय सुजून टणक झालेले नव्हते.

दुसरी शंका पोटरीची. एकाच पोटरीला सूज, ऊब, दाबल्यावर ठणका असेल तर शिरेत गुठळी झाली नाही ना, हे डॉक्टरांनी बघितल्याशिवाय तिथे हात लावायचा नाही. बाईंच्या दोन्ही पोटऱ्या सारख्याच दुखत होत्या, घेर सारखा होता. डाव्या पोटरीवर मात्र फुगलेल्या निळ्या शिरा होत्या, बऱ्याच वर्षांच्या. त्या पोटरीवर लाटणं किंवा गन चालवायची नाही, असं तेव्हाच ठरवून टाकलं.

तिसरं म्हणजे औषधं. रक्त पातळ करणारी गोळी नाही, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन नाही (स्टॅटिननेही स्नायू दुखू शकतात), मधुमेह नाही. रक्तदाबाची एक गोळी चालू. सोमवारी रात्री दुखण्याची गोळी घेतली होती का, असं विचारलं, तर नव्हती. तेही बरंच. घाम गाळून, पाणी कमी पिऊन आल्यावर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या सर्रास घेणं मूत्रपिंडाला मानवत नाही.

मग तपासणी. गुडघ्यांना सूज नाही, सांध्याच्या फटीवर दाबून दुखत नाही, वाटीच्या कडेला दुखत नाही. दुखत होते ते मांडीच्या पुढचे स्नायू, दोन्हीकडे, गुडघ्याच्या वर चार बोटं सर्वांत जास्त. टाच नितंबाकडे आणली की मांडी ताणली जाऊन कळ. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणं जमत नव्हतं. गुडघे शाबूत होते. उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला रुपयाच्या नाण्याहून मोठे दोन काळे-निळे डाग होते आणि तिथे बोट टेकवलं तरी बाई दचकत होत्या. ते डाग कळसूबाईचे नव्हते. गनचे होते.

मांड्याच का, आणि दोन दिवसांनीच का

चढताना दम लागला आणि उतरताना काही वाटलं नाही, हे बाईंचं वाक्य या दुखण्याची किल्ली आहे. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो. तो आवळलेल्या अवस्थेत असतो आणि त्याच वेळी लांबही होत असतो. अशा कामाला हृदयाला आणि फुप्फुसांना फारसे कष्ट पडत नाहीत, म्हणून गप्पा मारता येतात. पण स्नायूच्या धाग्यांतल्या सूक्ष्म जोडण्या, ज्यांना झेड-रेषा म्हणतात, त्या जागोजागी विस्कटतात. ही इजा लगेच दुखत नाही. पुढच्या काही तासांत तिथे दाह सुरू होतो, थोडं पाणी धरतं आणि आसपासचे चेतातंतू एरवी सुखद वाटणाऱ्या दाबालाही वेदना म्हणून कळवू लागतात. म्हणून दुखणं बारा ते चोवीस तासांनी जाणवायला लागतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि पाच ते सात दिवसांत ओसरतं. थिओडोर हॉ या शरीरशास्त्रज्ञानं १९०२ मध्येच हे उशिराचं दुखणं साध्या थकव्यापासून वेगळं काढून दाखवलं होतं आणि स्नायूच्या आत काहीतरी तुटत असावं, असा अंदाज केला होता.

लॅक्टिक अ‍ॅसिडची गोष्ट मात्र मरता मरत नाही. व्यायामानंतर रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक अ‍ॅसिडचं शरीरातलं रूप) साधारण तासाभरात मूळ पातळीवर येतं. रविवारी दुपारचं लॅक्टेट मंगळवारी संध्याकाळी मांडीत बसून राहणं शक्य नाही. १९८३ मध्ये एक साधा प्रयोग झाला. सपाटीवर पळणं आणि उतारावरून पळणं यांची तुलना केली. लॅक्टेट वाढलं सपाटीवर पळताना, आणि नंतर पाय दुखले उतारावरून पळाल्यावर. बाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, 'म्हणजे चढताना तयार झालं ते वरच संपलं!' अगदी वर नाही, पण नाशिकला पोचेपर्यंत नक्कीच.

याचा मालिशीशी थेट संबंध आहे. साठलेलं काही पिळून बाहेर काढायचं आहे असं मानलं की माणूस जोर लावतो. जितकी कळ जास्त तितकं काम चांगलं, असं वाटायला लागतं. बाहेर काढायचं काही नाहीच, आधीच इजा झालेला स्नायू आहे, हे कळलं की हात आपोआप हलका होतो. सासूबाईंचा अंगठा आणि पुतण्याची गन दोन्ही त्या चुकीच्या समजुतीचीच हत्यारं होती, हेतू कितीही चांगला असला तरी.

मग मालिशीनं होतं काय? २०१२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटानं अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, एकाच पायाला दहा मिनिटं मालीश केली आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. मालीश केलेल्या पायात दाहाचे संकेत कमी आढळले, लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. मोठ्या संख्येनं केलेले अभ्यास एकत्र तपासले तर चित्र असं निघतं: दुखणं थोडं कमी होतं, लवचिकता थोडी वाढते, ताकद किंवा वेग काही सुधारत नाही. फोम रोलरचंही (अंगाखाली घेऊन फिरवायचा फोमचा गोल दांडा) जवळपास तेच. स्ट्रेचिंगची अवस्था आणखी वाईट आहे. वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात दुखण्यातला फरक १०० गुणांच्या पट्टीवर अर्धा ते चार गुण एवढाच निघाला, म्हणजे पेशंटला कळणारही नाही इतका. तरी जिममध्ये 'स्ट्रेच कर, दुखणार नाही' हे अजून छातीठोकपणे सांगतात.

माझं मत असं की, स्वतः केलेली मालीश दुरुस्ती करत नाही, ती थोडा वेळ मिळवून देते. अर्धा-पाऊण तास दुखणं खाली येतं आणि त्या वेळात पाय चालवून घ्यायचा असतो. मालीश करून पुन्हा सोफ्यावर लोळलं तर मिळालेला वेळ वाया जातो.

लाटण्याचा प्रश्न

बाईंकडे फोम रोलर नव्हता आणि एकदाच्या दुखण्यासाठी घ्यायची गरजही नव्हती. शिवाय फोम रोलरवर मांडी लाटायला पालथं पडून हातांवर वजन पेलावं लागतं. ४३ वर्षांच्या, सवय नसलेल्या बाईला ते पहिल्याच दिवशी झेपत नाही, आणि शरीराचा सगळा भार मांडीवर येत असल्यानं दाब कमी-जास्त करणंही अवघड जातं. हातांत धरायची वस्तू बरी. मी लाटणं सुचवलं.

घरी फोन गेला. सासूबाईंनी तिथूनच ठणकावलं, 'अन्नाच्या वस्तूला पाय? नवरात्रात? माझं लाटणं कुणी न्यायचं नाही.' त्यांचं बरोबरच होतं, आणि सोवळं बाजूला ठेवलं तरी त्यांचं लाटणं कामाचं नव्हतं. पोळीचं लाटणं मध्ये जाड आणि टोकांना निमुळतं असतं, त्यामुळे मांडीवर फक्त मधला भाग रुततो. पापडाच्या लाटण्याला रेघा असतात, त्या दुखऱ्या जागी बोचतात. हवं ते टोकापासून टोकापर्यंत एकसारखं, गुळगुळीत, मनगटाएवढ्या जाडीचं. बाईंच्या यजमानांनी बुधवारी भांडी बाजारातून तसं एक आणलं. तोवर मंगळवारचं काम मी माझ्याकडच्या दांड्यावर भागवलं.

शिकवलं ते असं. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसायचं, पाय समोरच्या स्टुलावर लांब ठेवायचा, गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल. मांडी सैल पडली पाहिजे. हलवून बघितली की लोंबणारा मांसल भाग हलला पाहिजे, तोपर्यंत सुरुवात नाही. आधी नुसता तळहात, गुडघ्याकडून जांघेकडे, संथ, कातडीवरून सरकेल इतपतच. खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरे. मग तळहाताच्या टाचेनं मळायचं. त्यानंतर सलवारीवरूनच लाटणं, दोन्ही टोकं धरून, गुडघ्याच्या चार बोटं वरून सुरू करून मांडीच्या मध्यापर्यंत आणि मग तिथून वर. एका पट्ट्यात मिनिट-दीड मिनिट, मग जरा आत किंवा बाहेर. एका मांडीला आठ-दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही. वाटीवर, गुडघ्याच्या मागच्या खळग्यात आणि जांघेत लाटणं जात नाही. निळ्या डागांवर तळहातसुद्धा नाही.

दाब किती, हे सांगायला आकड्यांपेक्षा श्वास उपयोगी पडतो. शून्य ते दहाच्या पट्टीवर चारपर्यंत दुखलं तर चालेल, असं मी सांगितलं. पण खरी खूण अशी की लाटणं चालू असताना बोलता आलं पाहिजे. श्वास अडला, दात आवळले गेले, खांदे वर आले की दाब जास्त झाला. बाईंनी पहिल्या झटक्यात सासूबाईंसारखाच जोर लावला आणि खांदे कानाला लागले. दोनदा थांबवावं लागलं. तिसऱ्यांदा त्यांना मांडी सैल सोडणं जमलं आणि मग स्वतःच म्हणाल्या, 'एवढं हलकं? याचा काय उपयोग होणार?'

उजवा पाय, डावा पाय

त्याच प्रश्नावर प्रयोग ठरला. मंगळवारी फक्त उजवी मांडी लाटायची, डाग टाळून. डावीला हात लावायचा नाही. कसोटी एकच: ठरावीक उंचीच्या खुर्चीवर हात न टेकवता बसायचं आणि बसताना कुठली मांडी किती दुखली ते सांगायचं.

सुरुवातीला दोन्हींना ७. उजवी लाटून झाल्यावर उजवी ५. डावी, जिला काहीच केलं नव्हतं, ती ६. बाई चक्रावल्या. मला याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. एका पोटरीवर रोलर फिरवल्यावर दुसऱ्या पोटरीचीही वेदना सहन करण्याची मर्यादा वाढते, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. म्हणजे परिणामाचा निदान काही भाग स्नायूत नाही, वेदनेची दखल घेणाऱ्या मेंदूत आणि मज्जारज्जूत घडतो. हलक्या हातानं काम भागतं ते बहुधा यामुळेच.

त्यानंतर लगेच दहा मिनिटं कॉरिडॉरमध्ये सपाट चालणं, आधी लहान पावलं, मग नेहमीची. परत बसून पाहिलं: दोन्ही मांड्या ४. चालण्यानं मालिशीइतकंच दिलं आणि दोन्ही पाय सारख्यावर आणले. तासाभरानं घरी पोचल्यावर बाईंनी कळवलं, दोन्ही पुन्हा ६.

बुधवारपासून दोन्ही मांड्यांना मालीश, सकाळी उठल्यावर आणि शाळेतून आल्यावर, आणि प्रत्येक वेळी लागलीच चालणं. उजव्या पोटरीला हातानं मळणं, डावीला फक्त हलका तळहात. तळपायांसाठी खुर्चीत बसून टेनिसचा चेंडू, कारण तेही कुरकुरत होते. बुधवारी सकाळी ५, रात्री ३. गुरुवारी शाळेत भोंडला होता आणि बाईंना हत्तीभोवती फेर धरायला मिळेल की नाही याचीच जास्त काळजी होती. मी उलट आग्रहच केला. पाटाभोवती संथ फेर म्हणजे गाणी म्हणत केलेलं सपाट चालणं, या पायांना याहून चांगलं औषध नाही. फक्त फुगडी घालायची नाही आणि खिरापतीसाठी जमिनीवर बसायचं नाही. दोन्ही पाळलं, असं त्या सांगतात. शुक्रवारी १, आणि मांडी घालून बसता आलं. निळे डाग मात्र अजून पिवळे पडत होते. गनचं दुखणं डोंगराच्या दुखण्याहून जास्त टिकलं.

या आकड्यांवर किती विसंबायचं? फार नाही. पेशंट एकच, कुठला पाय लाटलाय हे तिला माहीत, आणि दुखणं तसंही शुक्रवारपर्यंत ओसरणारच होतं. लाटलं नसतं तर शनिवार उजाडला असता की शुक्रवारच, हे या केसवरून सांगता येत नाही. एवढंच दिसतं की हलक्या मालिशीनंतर लगेच बरं वाटलं, ते तासाभरात विरलं आणि त्या तासात चालून घेणं बाईंना जमलं. मालिशीआधी त्या चालायलाच तयार नव्हत्या.

तालमीचा दाखला आणि सप्तशृंगी

शेवटच्या भेटीत पुतण्याही आला होता. त्याचा मुद्दा बिनतोड वाटावा असा: कोल्हापूरच्या तालमीत पैलवान मेहनतीनंतर एकमेकांचं अंग चांगलं रगडतात, त्यांना कसं काही होत नाही? खरं आहे, रगडतात. पण ते अंग रोजच्या जोर-बैठकांनी तयार झालेलं असतं. नव्या पोराला तालमीत पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारायला लावत नाहीत, थोड्यापासून सुरुवात करून वाढवत नेतात. पैलवानाची मांडी बैठकांनी भरून येत नाही याचं श्रेय मालिशीला कमी आणि त्या वाढवत नेण्याला जास्त आहे. अशा प्रकारच्या ताणाचा एकदा मारा झाला की स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाला कमी दुखतो, हे प्रयोगांत वारंवार दिसलेलं आहे. गन पूर्ण वर्ज्य नाही, हेही त्याला सांगितलं. सर्वांत खालच्या वेगावर, एका जागी न थांबवता, दुखऱ्या मांडीऐवजी धडधाकट मांडीवर वापरली तर हरकत नाही.

बाईंना कोजागिरीला सप्तशृंगी गडावर जायचं होतं. वर जायला फ्युनिक्युलर (रुळांवरून दोरानं ओढली जाणारी गाडी) आहे, पायऱ्याही आहेत, पाचशेच्या आसपास. मी पायऱ्यांनी चढा आणि पायऱ्यांनीच उतरा म्हटलं. कळसूबाईचा फायदा अजून टिकलेला असेल, तो घालवू नका. त्याआधी दोनदा नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या सावकाश उतरून घ्यायला सांगितलं. त्या एकदाच गेल्या. गडावरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या 'जरा जड' होत्या, आकडा विचारला तर २. जिना सरळ उतरता आला. लाटणं काढलं नाही.

डाव्या पोटरीच्या फुगलेल्या शिरांसाठी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना दाखवा, ही चिठ्ठी मी पहिल्याच दिवशी दिली होती. त्यावर बाईंचं उत्तर अजून 'दिवाळीच्या सुट्टीत बघू' हेच आहे.